पंधरा यार्डांची साखळी

मित्रांनो, पुंगोलमधल्या एका नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीच्या दारापाशी एक झोपाळा आहे. येणारे पाहुणे त्याची पाटी वाखाणतात, गादी दाबून बघतात. चार कोपऱ्यांच्या चार साखळ्यांकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्या चारही साखळ्या म्हणजे मीच. एके काळी मी एकसंध होते, लांबलचक होते, आणि माझी लांबी हीच माझी ओळख होती.

माझा जन्म इथलाच, सिंगापूरच्या बंदरातला. श्रीराम नावाचे मराठी मरीन इंजिनिअर इथे जहाजदुरुस्तीच्या गोदीत कामाला होते. त्यांचा मुलगा संग्राम खाडीकाठच्या एका चिमुकल्या अमेरिकन शाळेत जाई. शाळा इतकी लहान, की वरच्या वर्गांतली सगळी मुलं एका व्हॅनमध्ये मावत. अमेरिकन फुटबॉलला अकरा गडी लागतात. एवढी मुलं आणायची कुठून? म्हणून तिथल्या हॉलिस सरांनी सहा गड्यांचा खेळ सुरू केला. त्यांच्या देशात खेड्यापाड्यांतल्या छोट्या शाळा तो खेळत. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचं, आणि सहाच्या सहा जणांना तो झेलायची मुभा. नुसतं ढकलाढकलीसाठी ठेवलेला त्यात कोणीच नसतो, म्हणून मला हा खेळ फार आवडे.

या खेळात ठरलेल्या डावांत चेंडू ठरावीक अंतर पुढे न्यावा लागतो. ते मोजायला मैदानाच्या कडेला दोघे जण साखळी ताणून उभे राहतात. अकरांच्या खेळात ही साखळी दहा यार्डांची असते, सहांच्या खेळात पंधरा. सरांकडे साखळीच नव्हती. ते दोरीवर भागवत, ती पाण्यात भिजून आखडे, आणि मग भांडणं होत. संग्रामनं घरी गाऱ्हाणं सांगितलं, तेव्हा श्रीरामांनी गोदीतली एक बारीक साखळी रीतसर मागून घेतली. पुन्हा पुन्हा मोजून पंधरा यार्डांवर तोडली आणि दोन्ही टोकांच्या कड्या जहाजाच्या लाल रंगात बुडवल्या. "आता कोणी भांडू दे," ते म्हणाले. मित्रांनो, मी एका बापाच्या हातून घडले, हे विसरू नका.

संग्रामला आधी खेळात घेतलं नव्हतं. तो माझं एक टोक धरून उभा राही. पुढे एका मुलाच्या वडिलांची बदली झाली, संघात पाचच उरले, आणि सरांनी कडेला उभ्या असलेल्या संग्रामला हाक मारली. त्या दिवशी त्यानं मला गवतावर टाकलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही. मला त्याचा जराही राग आला नाही. थोड्याच वर्षांत शाळा बंद पडली. सर मायदेशी जाताना मला संग्रामच्या खांद्यावर टाकून गेले.

पुढे संग्राम मोठा झाला, इंजिनिअर झाला, कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडला जाऊ लागला. घरं बदलली, मीही त्याच्याबरोबर बदलत गेले. शेवटी पुंगोलच्या फ्लॅटमधल्या शेल्टरच्या खोलीत, म्हणजे बॉम्बहल्ल्यापासून बचावासाठी बांधलेल्या पण इथे सगळे अडगळीला वापरतात त्या खोलीत, तांदळाच्या पिशव्यांमागे माझी वेटोळी करून ठेवली. पोरंबाळं जमली की तो आपल्या खेळाच्या गोष्टी सांगे, आणि त्या मला दाराआडून ऐकू येत.

"अमेरिकन फुटबॉल म्हणे!" त्याची बायको संजीवनी हसायची. "परवा हातातून नारळ निसटला, तो झेलता आला नाही ह्यांना."

"आजोबा, यू ब्लफ मी लाह!" थापा मारताय, असं इथल्या इंग्रजीत म्हणत नात प्रणिता खिदळायची.

तोही हसायचा. पण उठून शेल्टरचं दार उघडावं, मला बाहेर काढून दाखवावं, हे त्यानं कधीच केलं नाही. कोणीतरी खरंच विचारेल, याची तो वाट पाहत असावा. माझ्या मते इथेच त्याचं चुकलं.

दोन हजार तेरा साली त्याची साठी आली. मुलगी वल्लरी पाया लेबारच्या एका ऑफिसात नोकरी करायची, कामात बुडालेली असायची, पण बापावर तिचा भारी जीव. लहानपणी आपल्याकडे झोपाळा होता, असं तो एकदा म्हणाला होता, ते तिनं मनात धरून ठेवलं होतं. तो पुण्याला गेलेला असताना तिनं लोखंडी चौकट आणि सागवानी पाटी करवून घेतली. राहिल्या साखळ्या.

"आई, शेल्टरमधली ती जुनी साखळी बाबांना लागते का गं?"

"तिला काय काम! जागा अडवून बसली आहे नुसती."

एवढ्या दोन वाक्यांत माझा निकाल लागला. ग्राइंडर फिरला, ठिणग्या उडाल्या. झोपाळ्याला हवे तेवढे माझे चार तुकडे झाले. उरलेला मोठा भाग, एका लाल टोकासकट, वल्लरीनं खाली आलेल्या कारुंग गुनीला, म्हणजे इथल्या भंगारवाल्याला, देऊन टाकला. त्याच्या ढकलगाडीचा भोंगा लांब जाईपर्यंत मी ऐकत होते.

संग्राम परत आला. वल्लरीनं त्याचे डोळे हातांनी झाकून त्याला झोपाळ्यापाशी आणलं आणि हात काढले. त्यानं पाटी पाहिली, मग मला पाहिलं. त्याचा हात माझ्या कड्यांवरून वर सरकत गेला आणि लाल कडीवर थांबला.

"आवडला?" वल्लरीनं विचारलं. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"छान आहे गं," तो म्हणाला. "फारच छान आहे."

त्यानंतर दोन वर्षांनी सुनेत्रा आली. ती अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकणारी मराठी मुलगी. छोट्या शाळांमधल्या सहा गड्यांच्या फुटबॉलचा सुरुवातीचा इतिहास ती शोधत होती, आणि देशाबाहेरच्या अमेरिकन शाळांचं एक प्रकरण तिला लिहायचं होतं. तिच्याजवळ खाडीकाठच्या शाळेचा एक फोटो होता. शिरस्त्राणं घातलेली सहा मुलं, चेहरे नीट दिसत नव्हते. मागे पाच नावं होती, सहावं नव्हतं. गणपतीच्या कार्यक्रमात तिनं चौकशी केली, तेव्हा कोणीतरी चेष्टेनंच संग्रामकडे बोट दाखवलं होतं.

"काका, तो सहावा म्हणजे तुम्हीच का?"

"हो," संग्राम म्हणाला. तो माझ्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसला होता. इतक्या वर्षांनी त्याला कोणीतरी खरंच विचारत होतं.

"माझ्या प्रोफेसरांना वाटतं, ही मुलं मैदान मिळालं की नुसतीच पळत होती. हॉलिस सर हयात नाहीत, बाकीच्यांचा पत्ता नाही. पण फोटोच्या कडेला साखळी दिसते. ती पंधरा यार्डांची निघाली, तर सगळंच सिद्ध होईल. तुम्हाला काही माहीत आहे का तिच्याबद्दल?"

"माझ्या वडिलांनीच केली होती ती. गोदीत. दोन्ही टोकं लाल रंगवली होती."

"मग आहे ती? कुठे आहे?"

वल्लरी चहा ओतत होती. संग्रामनं एकदा तिच्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "हरवली. फार वर्षं झाली."

मित्रांनो, माझ्यावर बसून, माझ्या कडीला हात लावून तो धडधडीत खोटं बोलला, आणि तेही पोरीचं मन राखायला. मला वाचा असती तर मी ओरडले असते. पण वल्लरीची नजर त्याच्या हाताकडे गेली होती. त्याच्या बोटांखालून लाल कडी दिसत होती. तिच्या हातातली किटली तशीच राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मला का नाही हो सांगितलं?"

"तू एवढ्या हौसेनं केलंस. काय सांगू?"

तिघांनी मिळून झोपाळा उतरवला. घराबाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये माझे चार तुकडे एकापुढे एक मांडले. सुनेत्रानं टेप लावली. मी दहा यार्डांचीसुद्धा भरले नाही. आता मी अकरांच्या खेळातली होते की सहांच्या, की कुठल्याच नाही, हे कोणालाही सांगता येणार नव्हतं.

वल्लरी लाल कडी हातात धरून खाली बसली. संग्राम मात्र माझ्या शेवटच्या कडीपासून पुढे चालू लागला, शेजाऱ्यांच्या चपला आणि कुंड्या ओलांडत, आणि एका जागी थांबला.

"इथे," तो म्हणाला. "तिचं टोक इथे येईल."

सुनेत्रानं तिथपर्यंत टेप नेली. मग टेप गुंडाळून तिनं डोळे पुसले.

"बरोबर पंधरा आहे, काका. माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण पुराव्याशिवाय मला हे असं लिहिता नाही येणार."

"नकोच लिहूस," संग्राम म्हणाला. "आम्ही भांडणं मिटवायला मोजत होतो, पुस्तकासाठी नाही."

सुनेत्राचं पुस्तक दोन हजार अठरामध्ये आलं. फोटोखाली पाच नावं आहेत, आणि सहाव्याची ओळख पटली नाही, असं लिहिलं आहे. खाडीकाठच्या शाळेला एकच परिच्छेद मिळाला. मी त्यात कुठेच नाही. प्रणितानं तो आजोबांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांना ब्लफ म्हणायचं धाडस तिचं झालं नाही. संजीवनीनंही त्यानंतर नारळाचा विषय काढला नाही. मला वाटतं, ती चेष्टा परत आली असती तर संग्रामला बरं वाटलं असतं.

मित्रांनो, जुनी वस्तू कधीच मोडू नका, असं मी म्हणत नाही. लोखंड आहे, ते तुटायचंच. माझी विनंती एवढीच आहे, की तोडण्याआधी घरातल्या माणसाला विचारा, आणि तो सांगेपर्यंत त्याच्यासमोर बसा. मला ताणून धरायला पूर्वी दोन माणसं लागत. या घरात एक टोक संग्रामनं आयुष्यभर धरून ठेवलं, आणि दुसरं धरायला कोणीच आलं नाही.

आता वल्लरी विचारते. ऑफिसातून आली की शेल्टरमधून एकेक वस्तू काढते आणि झोपाळ्यावर बापाच्या शेजारी येऊन बसते.

"बाबा, हे काय आहे?"

"अगं, हा साधा स्क्रूड्रायव्हर आहे."

"कोणाचा होता? कुठून आणला?"

तो हसतो आणि सांगू लागतो. ती मान हलवत सगळं ऐकून घेते, पण तिचा एक हात सारखा माझ्या लाल कडीवर असतो. मला तोडण्याआधी तिनं जे विचारायला हवं होतं, ते आता स्क्रूड्रायव्हरबद्दल विचारून भागणार नाही, हे तिलाही कळतं आणि मलाही.