शेवंडीचं अर्धं बोट

आमच्या ह्यांच्या समुद्रातल्या पिंजऱ्यातून निघालेली शेवंड आणि तोंडातून निघालेली शेवंड यांत फरक असतो, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं. पातेल्यात घालायची वेळ माझ्यावर यायची ना! पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प.

आमची लेक मत्स्यखात्यात लागली. शेवंडीची, म्हणजे तिच्या भाषेत लॉबस्टरची, मादी किती मोठी झाली की अंडी धरते, ते तिला शोधायचं होतं. त्याहून लहान शेवंड पकडायला बंदी येणार होती. बाकीच्या होडीवाल्यांनी नोंदी चार दिवस लिहून सोडून दिल्या होत्या. आमच्याकडे मात्र लेकीच्या लहानपणापासूनच्या होत्या. संध्याकाळी हे आठवून सांगायचे, ती वहीत लिहायची: कवच किती बोटं लांब, पोटाखाली अंडी आहेत की नाहीत. अंडीवाल्या हे समुद्रातच सोडून यायचे.

शनिवारी ती घरी आली ती तोंड पाडूनच. "बाबा, आपल्या वहीप्रमाणे निम्म्या माद्या पाच बोटांच्या झाल्यावर अंडी धरतात. तीच मर्यादा येणार."

"मग होडी विकायलाच काढतो," हे म्हणाले. "माझ्या तर बहुतेक साडेचारच्याच..." आणि जीभ चावली.

"वहीत बहुतेक पाचच्या आहेत," लेक म्हणाली.

ह्यांनी पेपरात डोकं घातलं. होडी जाईल, पण लेकीसमोर शब्द खोटा पडायला नको! मला रागच आला. मी उठले आणि भिंतीवरचं कवच काढून टेबलावर ठेवलं. ह्यांची सगळ्यात मोठी शेवंड, आल्यागेल्याला 'सात बोटं' म्हणून दाखवायची.

लेकीने बापाचाच हात धरला आणि बोटं कवचावर टेकवत गेली. साडेसहा भरली.

"तू लिहिताना टाळ्या वाजवायचीस," हे खाली बघत म्हणाले. "मोठी असली की जास्तच. मग अर्धं बोट वाढायचं."

"सगळ्यांचं? अंडीवाल्यांचंही?"

"सगळ्यांचं. भेदभाव नाही केला. अंडी मात्र खरी आहेत हो."

मला हसू आवरेना. लेक हसली नाही. "नुसतं अर्धं बोट वजा करून खातं ऐकणार नाही," ती म्हणाली. "उद्यापासून मोजपट्टी घेऊन जा. दोन्ही ताडून बघते, मगच आकडा देते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे परतले. लेक पेन घेऊन बसलेलीच होती, पूर्वीच्याच खुर्चीवर. तिचे पाय आता जमिनीला टेकत होते.

"पहिली?"

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "चार," हळूच म्हणाले. "चारच बोटं. अंडी नाहीत."

लेकीने पेन खाली ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या.