मागची जागा

"काका, सीट दाबून काय कळणार? बसून बघा की," सेल्समन म्हणाला.

काका बसले नाहीत. काळ्या गाडीचं मागचं सीट त्यांनी आणखी एकदा अंगठ्यानं दाबलं आणि तोंड वाकडं केलं. सीट चांगलं ऐसपैस होतं, पाठ टेकायला गादीही होती. नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती, आणि तेच त्यांना खटकत होतं.

सरकारी इस्पितळातल्या प्लास्टरच्या खोलीत त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. सगळे त्यांना प्लास्टरकाका म्हणत. त्यांची एकुलती एक लेक, ठकी, वजनकाटे दुरुस्त करत गावभरचे कारखाने पालथे घालायची. आता ती स्वतःच्या कमाईतून क्रूझर मोटारसायकल घेणार होती आणि दोन गाड्यांपाशी घोडं अडलं होतं. काळी दोघांची. हिरवी एकट्याची, मागे नुसता मडगार्ड.

"हिरवी घे," काका म्हणाले. "तुझे पाय नीट टेकतात."

"काळीवरही टेकतात."

"काळीचा सायलेन्सर पायाला लागेल. पोटऱ्या भाजून येतात लोक आमच्याकडे."

"बाबा, दोन्हींचा सायलेन्सर एकाच जागी आहे. तुम्ही हाडांचं बघा, यंत्रांचं मला कळतं."

सेल्समन गालातल्या गालात हसला आणि त्याच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला. ठकीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं काळीच्या मागच्या सीटवर हात ठेवला.

"ही मी तुमच्यासाठी बघतेय. अकरा वर्षं बसचे धक्के खाताय. निवृत्त झालात की मागे बसवून समुद्रापर्यंत नेणार आहे तुम्हाला. नाहीतर मला काय, साधी स्कूटर पुरली असती."

लेकीनं एवढ्या मायेनं काही मागावं आणि आपल्याला ते देता येऊ नये, याची काकांना स्वतःचीच चीड आली.

अकरा वर्षांपूर्वी ते बायकोला मागे बसवून बाजारातून घरी येत होते. तिच्या मांडीवर नव्या टेबलफॅनचा खोका होता आणि दोन्ही हात खोक्याला. रस्ता रिकामा, वेग विसाचाही नव्हता. गटाराचं झाकण वर आलेलं दिसलं म्हणून त्यांनी हँडल जरा वळवलं, एवढंच. काकांचं कोपर खरचटलं. पंख्याला ओरखडाही नव्हता. बायको दोन दिवसांनी गेली, डोळे न उघडता.

तेव्हापासून गाडीवरून पडून कोणी खोलीत आलं, की पट्टी भिजवता भिजवता काका एक प्रश्न विचारत. तो इस्पितळाच्या कुठल्याच कागदावर छापलेला नव्हता. चालवत होतास, की मागे होतास? मागे बसलेली माणसं दुखतंय म्हणून ओरडत. चालवणारे दाराकडे बघत आणि विचारत, ती कशी आहे? काका म्हणत, आत आहे. कधीकधी ते खरंही असे.

"एक सांगू?" काका म्हणाले. सेल्समन समंजस निघाला, तो कॅटलॉग आणायला गेला. "गाडी पडली की बऱ्याचदा चालवणारा वाचतो, ठके. त्याच्या हातात हँडल असतं. आणि मग त्याला जगावं लागतं. तू पड, हातपाय मोडून घे, मी जोडून देईन. पण तुझ्या मागे कोणी नको. मी तर नकोच."

"मी पाडेन तुम्हाला?"

"मी तरी कुठे पाडणार होतो?"

ठकीनं त्यांच्याकडे पाहिलं. आई गेल्यावर घरात या विषयावर इतकं बोलणं कधीच झालं नव्हतं.

"हिरवी द्या," कॅटलॉग घेऊन आलेल्या सेल्समनला ती म्हणाली.

"उत्तम. हिच्यावर मागचं छोटं सीट आम्ही फुकट देतोय, मॅडम. चार बोल्ट, बसवून टाकतो."

"नको. ठेवा तुमच्याकडेच."

काकांच्या मनासारखं झालं होतं. तरी त्यांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं वाटलं.

शनिवारी दुपारी गाडी ताब्यात मिळाली. ठकीनं हेल्मेट घातलं, पट्टा काकांकडून तपासून घेतला. "घरी भेटू," म्हणाली. समोरच्या थांब्यावर बस आली, काका चढले आणि शेवटच्या बाकावर खिडकीशी बसले.

दोन थांबे गेले. शेजारची बाई मागच्या काचेतून वाकून बघत होती.

"ती मुलगी कधीची बसच्या मागे आहे. रस्ता मोकळा आहे, तरी पुढे जात नाही."

काकांनी वळून पाहिलं. बस थांबली की हिरवी गाडी थांबत होती, निघाली की निघत होती. एवढी ताकदीची गाडी बसच्या धुरात बैलगाडीच्या चालीनं येत होती. काकांनी हातानं पुढे जा, पुढे जा, अशी खूण केली. ठकीनं हेल्मेटची काच वर केली, नकारार्थी मान हलवली आणि काच पुन्हा खाली घेतली.

"ओळखीची आहे का?" बाईनं विचारलं.

"मुलगी आहे माझी."

"मग तुम्ही तिच्या गाडीवर का नाही बसलात?"

"मागे जागा नाही," काका म्हणाले आणि घर येईपर्यंत तसेच, मान वळवून, काचेतून बघत राहिले.