खंडेनवमीची जीप

राजकन्या मावशीच्या घरात शिरायचं तर चपला बाहेर, हात मागं आणि तोंड बंद. विष्णुपुरीच्या त्या कॉलनीतल्या पोरांना हे बाळकडूसारखं पाजलेलं होतं. आईबापाचं ऐकणार नाहीत, शाळेत सरांना जुमानणार नाहीत, पण मावशीच्या उंबऱ्यात आली की गरीब गाय!

बाई नावाची राजकन्या, पण उभा जन्म आयटीआयमध्ये पोरांना कानस कशी धरायची हे शिकवण्यात गेला. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात, गुडघ्याला तेल लावत बसतात. हिनं गाड्या करायला घेतल्या. खेळण्यातल्या नव्हे हो! खऱ्या गाडीच्या बरहुकूम, फक्त लहान. पीव्हीसीचा पाइप गरम करून सपाट करायचा, त्याची बॉडी. सायकलच्या ट्यूबचे टायर. सलाइनच्या नळीचे पाइप. दवाखान्यातली ॲम्बेसेडर, लाल डबा एसटी, पाण्याचा टँकर, सगळ्या काचेच्या कपाटात ओळीनं उभ्या.

रविवारी पोरं जमायची. मावशी त्यांना कापायला शिकवायची, घासायला शिकवायची, रंगाचे हात किती पातळ द्यायचे ते दाखवायची. शिकवण्यात हातचं काही राखायची नाही. पण गाडी एकदा पुरी झाली आणि कपाटात गेली, की संपलं. "डोळ्यांनी बघायचं, हातानं न्हाई," हा कायदा. आदर्श नावाचं एक दहा वर्षांचं कार्टं होतं, त्याचे हात सारखे वळवळायचे. त्याला तर ती कपाटाच्या आसपासही फिरकू द्यायची नाही.

वर्षभर मात्र टेबलावर एकच काम होतं, अण्णांची जीप.

अण्णा म्हणजे मावशीचे वडील, व्यंकटी. मुखेडकडचे. मिलिटरीच्या लिलावातली एक जीप घेऊन त्यांनी अर्धी हयात पॅसेंजर वाहिले. मुखेडच्या बाजाराला जाणारी माणसं, शेळ्या, बाळंतिणी, एकदा तर आख्खं बँडपथक. पुढं नजर अधू झाली तशी जीप विकली, ती भंगारात गेली. साधा फोटोसुद्धा कुणी काढून ठेवला नव्हता. आता अण्णा पंच्याऐंशीच्या घरात, लातूरला धाकट्या मुलाकडं, शिवशंकरकडं राहत होते, आणि डोळ्यांपुढं पुरा अंधार. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले.

मावशीच्या मनात एवढंच होतं, की म्हातारा आहे तोवर त्याची जीप एकदा त्याच्या हातात द्यायची. डोळे नसले म्हणून काय झालं, हात आहेत ना! अर्धी हयात त्या गाडीवरून फिरलेले हात ते. त्यांनी चाचपून "हाव, हीच" म्हणावं, बस्स. दुसरं काही तिला नको होतं. म्हातारा तोंडदेखलं बोलणाऱ्यातला नव्हता, म्हणून तर तिला त्याचीच पावती हवी होती.

मापं कुठून आणायची? ती फोनवरून घेतली. "अण्णा, बोनट केवढं होतं?" की म्हातारा हवेत हात पसरून सांगायचा, "पाच वीत आन वर चार बोटं." आता वीत कुणाची? अण्णांची. मग मावशीनं हिशेबच तसा धरला. अण्णांची एक वीत म्हणजे आपल्या बोटाचं एक पेर. पट्टी लावलीच नाही, आयटीआयची बाई असून! बापाच्या वितीनं आणि लेकीच्या पेरानं जीप उतरली. चांगली हातभर झाली. पुढची काच दुमडायची, रबरी भोंगा दाबला की फुस्स व्हायचं, मागच्या फळीला रेक्झिन. "पायरीची रुंदी किती?" विचारलं तर अण्णा फिस्सकन हसले. "पायरी कुठली आलीय, माय! नांगराचा मोडका पट्टा ठोकला व्हता तितं." तर मावशीनं तो पट्टाही केला, मोडका.

दसऱ्याला लातूरला जाऊन सोनं द्यायचं आणि जीपही द्यायची, असं ठरलं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मावशी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेली. जाताना पोरांना सांगितलं, टेबल पुसून ठेवा, जीपला हात लावू नका.

आता खंडेनवमीचा दिवस. कॉलनीत जिकडंतिकडं गाड्या धुऊन चालल्या होत्या. मोटारसायकलीला हार, रिक्षाला हार, कुणाच्या शिलाई मशीनला हार. पोरं दारात उभी राहून बघत होती. त्यात गीतांजली, सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत शहाणी, ती म्हणाली, "आपल्या जीपची पूजा कोण करणार? उद्या ती एवढ्या लांब जाणार, पूजेबिगर कशी जाईल?"

झालं! शहाणपणच आडवं आलं. घरून कुंकू आलं, हळद आली, नारळ आला. बोनटवर स्वस्तिक काढलं. नारळाचं पाणी काचेवर शिंपडलं. आणि पूजा म्हटली की चाकाखाली लिंबू आलंच. खरी गाडी कशी, ड्रायव्हर क्लच सोडतो आणि लिंबू फच्चकन चिरडतं. ही जीप किलोभर वजनाची. ढकलली, लिंबू ढिम्म. पुन्हा ढकलली, लिंबू ढिम्म. आणि लिंबू न चिरडता गाडी रस्त्याला नेणं म्हणजे अपशकुन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा आदर्शनं दोन्ही हात जीपवर ठेवले आणि पोट आत ओढून दिला दाब.

लिंबू चिरडलं. त्याच्याबरोबर पुढच्या चाकांचा दांडाही कडाड्कन मोडला.

मावशी फुलांची पिशवी घेऊन दारात आली ती नेमकी तेव्हाच. पाहते तर वर्षभराची मेहनत एका बाजूला तोंड मुरगाळून पडलेली, बोनट पिवळं, काचेवरून पाणी ठिबकतंय, आणि पोरं हात जोडून उभी. बाईच्या मस्तकात तिडीक गेली. "कुणी सांगितलं व्हतं? आँ? कुणी सांगितलं व्हतं तुमाला? निघा! चालते व्हा! परत माझ्या दारात पाय टाकला तर तंगडं मोडीन एकेकाचं!" पोरं पळाली. आदर्श तर चपला तिथंच टाकून पळाला. मावशी खाली बसली आणि ढसढसा रडली.

कुंकू पुसलं, पण हळद कुठं पुसली जाते? पिवळी छटा राहिलीच. दांड्याला खिळा बांधून चिकटवला, तरी डावं चाक लंगडं ते लंगडंच. दुसऱ्या दिवशी तशीच जीप टोपलीत घालून, वर पातळाचा पदर झाकून मावशी लातूरच्या एसटीत बसली. कंडक्टर मोठा मिश्कील. "तुमचं अर्धं तिकीट, मावशी. पन गाडीचं पुरं लागंल," म्हणाला. मावशी हसली नाही. अहमदपूर आलं, गेलं, बाईचं सगळं लक्ष मांडीवरच्या टोपलीत. अण्णांना कळलं तर? कळणारच. त्या बोटांपासून काय लपतंय?

अण्णा बाजेवर बसले होते. शिवशंकरनं त्यांच्या मांडीवर उशी ठेवली, मावशीनं उशीवर जीप ठेवली. म्हाताऱ्याची बोटं फिरायला लागली. काच दुमडून बघितली. भोंगा दाबला, फुस्स झालं, तोंडभर हसले. मोडका पट्टा लागला तसे म्हणाले, "ह्ये बी केलंस व्हय गं?" मग बोटं डाव्या चाकाशी आली आणि थांबली.

"ह्ये काय झालं?"

मग काय, मावशीनं सगळा राग बाहेर काढला. पोरं कशी नालायक, लिंबू कसं घातलं, आदर्शनं कसा भार टाकला. अण्णा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. "चिरडलं का पन लिंबू?"

"चिरडलं."

"मंग झाक झालं! चाकाचं काय, चाक बसवता येतंय." म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "मंग? पोरं फिरवलीस का?"

मावशीला कळेना. "कुठं फिरवायची?"

"अगं, खंडेनवमीची पूजा झाली की गल्लीतली समदी पोरं जीपीत भरायचो न्हाई का मी? वेशीपातुर एक फेरी. कुनाचं बी पोर असू दे, ज्यानं हात दाखवला त्यो आत. पूजा पोरांनी केली मनतीस, मंग फेरी?"

मावशीची मान खाली गेली. "हाकलून दिलं मी त्यांना, अण्णा."

अण्णांनी बोटं जीपवरून उचलली. मग उशीसकट जीप दोन्ही हातांनी पुढं सरकवली.

"झकास केलीस, माय. हात बसलाय तुजा. पन ही माझी न्हाई. माझ्या गाडीवरनं कुनाचं पोरगं कधी हाकललेलं न्हाई. घिऊन जा."

शिवशंकर मध्ये पडला, "असं काय करून राहिले अण्णा, दसरा हाय आज." पण म्हातारा भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. मावशीनं सोनं त्यांच्या पायाशी ठेवलं आणि टोपली उचलली.

विष्णुपुरीला उतरली ती घरी गेलीच नाही. तडक आदर्शच्या दारात. पोरगं तिला पाहून आईच्या मागं लपलं. मावशी उंबऱ्यातच टेकली, टोपली पुढ्यात ठेवली. "आदर्श, मी चुकले रे बाबा. लई बोलले तुला. बाहेर ये."

आदर्शनं आईच्या मागूनच विचारलं, "मावशी, लिंबू लई मोठं घेतलं का आमी?"

मावशीचं हसू आणि रडू एकदमच आलं. "हाव रे राजा. थोडं बारकं घ्यायचं व्हतं."

जीपच्या पुढच्या बंपरला सुतळी बांधली. गीतांजलीनं साऱ्या कॉलनीत हाळी दिली. ही पोरं आली, पलीकडची आली, कधी मावशीच्या दारात न आलेलीही आली. कुणी मागच्या फळीवर बाहुली बसवली, कुणी प्लास्टिकचा बैल, एकानं आपल्या खिशातला खडूच बसवला, म्हणे हा मी. सुतळी आदर्शच्या हातात. डावं चाक फेंगडत, खडखड करत जीप निघाली, आणि मागून सगळी वरात बोंबलत. "भोंगा! भोंगा दाब!" "आता माझी पाळी!" "थांब रे, माणूस पडला खाली!"

मावशीनं शिवशंकरला फोन लावला. "अण्णांच्या कानाला लाव," एवढंच म्हणाली आणि फोन हातात धरून जीपच्या मागून चालत राहिली. फेरी कोपऱ्यावरून वळली, पोरांनी एकच गिल्ला केला, आणि मग फोनमधून अण्णांचा आवाज आला, चढा, जुना, गर्दीवर ओरडायची सवय असलेला.

"आरं, दाटून बसा की जरा! त्या बारक्याला पुढं घ्या, बोनटावर!"

"घेतलाय, अण्णा."

"हाव," म्हातारा म्हणाला. "हीच हाय. हीच हाय गं माझी गाडी."