कुंडीखालची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. अंग तुतीच्या लाकडाचं आणि बैठक लव्हाळ्याने विणलेली. स्पेनच्या समुद्रकाठी, आमच्या या लहानशा गावात विसेन्ताबाईंच्या वडिलांनी मला घडवलं, तेही बायकोसाठी. ती माझ्यावर बसून मासेमारीची फाटकी जाळी सांधायची. मांडीवर जाळं घेणाऱ्या बाईला उंच खुर्ची काय कामाची? म्हणून माझे पाय आखूड ठेवले. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

ऊन उतरलं की आमची सगळी गल्ली खुर्च्या घेऊन दारात बसते. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची होडी विकली, कोणाच्या सुनेचा भात करपला, सगळं मला घरच्यांच्या आधी कळायचं. आई गेल्यावर विसेन्ताबाई माझ्यावर बसू लागल्या. माझे ते दिवस मानाचे होते.

मग समोरच्या घरात ट्रेव्हर आणि ग्लेनिस राहायला आले. दोघंही निवृत्त, थंडीला कंटाळून आलेले. गल्ली त्यांना इंग्रज म्हणायची आणि ट्रेव्हरसाहेब दर वेळी बोट उगारून "वेल्स! वेल्स!" म्हणून सांगायचे. महिनाभराने विसेन्ताबाईंनी मला घासूनपुसून त्यांच्या दाराशी नेऊन ठेवलं. आमच्या गल्लीत "या, बसा" असं तोंडाने म्हणत नाहीत. खुर्ची दाराशी पोचली, की संध्याकाळी ती घेऊन बाहेर यायचं.

"किती छान आहे!" ट्रेव्हरसाहेब म्हणाले. "पण हिच्यावर बसणार कोण? माझे गुडघे कानाला लागतील."

"अरे, बसायची नसेलच ती. शोभेची असेल," ग्लेनिसबाई म्हणाल्या. त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि माझ्यावर जिरेनियमची कुंडी ठेवली. आभार म्हणून विसेन्ताबाईंकडे घरचा केकही पाठवला. मन चांगलंच होतं त्यांचं. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशी अकरा वर्षं गेली. सकाळी दोघं पाव आणायला जायचे, मग किनाऱ्यावर फेरी मारायचे. दहाला ट्रेव्हरसाहेब कुंड्यांना पाणी घालायचे. ते पाणी झिरपून माझी बैठक कुजत गेली. चारला चहा, रविवारी मुलीला फोन. आणि रोज संध्याकाळी खालून हसणं ऐकू आलं, की साहेब वर्तमानपत्र बाजूला ठेवायचे.

"इतकी वर्षं झाली, ग्लेन. एकाने तरी आपल्याला बोलावलं का?"

"आपल्याला त्यांची भाषा कुठे धड येते?"

"हसायला कसली भाषा लागते गं?"

आणि खाली विसेन्ताबाई सगळ्यांना सांगायच्या, "माझ्या आईची खुर्ची दिली, तर तिच्यावर कुंडी ठेवली! बसायचं नाही त्यांना आपल्यात. नसेना का!"

मी दोन्हीकडचं ऐकायची. जीव तुटायचा. पण खुर्चीला तोंड कुठून येणार?

गेल्या हिवाळ्यात ट्रेव्हरसाहेब वारले. गल्लीतले सगळे दफनाला गेले, मागे उभे राहिले, हात मिळवून परतले. ग्लेनिसबाई एकट्याच घरी आल्या. मे महिन्यात त्यांनी घर विकायला काढलं. मुलीकडे कायमचं जायचं ठरलं. आवराआवर करताना त्यांनी कुंडी उचलली, माझी फाटकी बैठक पाहिली आणि मला कचऱ्यात टाकायला खाली आणलं. विसेन्ताबाई दारातच होत्या.

"कुठे नेतेस गं तिला?"

"कचरा," ग्लेनिसबाई मोडक्या भाषेत म्हणाल्या. "मोडली. मी घर विकते. जाते."

"माझ्या आईची खुर्ची कचरा? नको होती तर तेव्हाच परत द्यायचीस! आज येतील, उद्या येतील म्हणून वाट बघत बसलो आम्ही."

"येतील? कुठे?"

"कुठे म्हणजे काय, बाई? इथे! आमच्यात बसायला! नाहीतर खुर्ची कशाला दिली होती?"

ग्लेनिसबाईंना ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी मला हळूच खाली ठेवलं.

"आम्हाला वाटलं, कोणी बोलवत नाही. ट्रेव्हर वर ऐकायचा. तुमचं हसणं. रोज."

विसेन्ताबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! आणि मी म्हणत होते, माणसं गर्विष्ठ आहेत." मग त्यांनी ग्लेनिसबाईंना हाताला धरून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण पायरीवर बसल्या. दोघी रडल्या. मीही रडले असते.

विसेन्ताबाईंनी ताजं लव्हाळं आणून माझी बैठक पुन्हा विणली. ग्लेनिसबाईंनी घराची विक्री हिवाळ्यापर्यंत थांबवली आहे. मुलगी फोनवर चिडते, पण त्या ऐकत नाहीत. रोज संध्याकाळी त्या मला घेऊन खाली येतात. त्यांना निम्मंच समजतं. सगळे हसले की त्याही हसतात, आणि मग त्यांची नजर वर गच्चीकडे जाते. तेवढ्यापुरती सगळी गल्ली गप्प होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, ओल्यात ठेवू नका, हे तर मी सांगणारच. पण कोणी प्रेमाने काही दिलं, तर ते कशासाठी दिलं, हेही विचारा. आणि तुम्ही कोणाला बोलावणार असाल, तर तोंडाने बोलवा. मला बोलता आलं असतं, तर पहिल्याच संध्याकाळी मी म्हणाले असते, "साहेब, ही कुंडी काढा आणि खाली चला. तुमचीच वाट बघताहेत."