पाच मिनिटं बारा सेकंद

पडदेराव पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करत आणि जिवासाठी पडदा पाडत. नाट्यमंडळाच्या लघुनाटक स्पर्धेत गेली अठरा वर्षं पडद्याचा दोर त्यांच्याच हातात होता. स्पर्धेचा नियम एकच होता, पाच मिनिटांच्या आत नाटक संपवायचं. पाचवं मिनिट भरलं की नायक मरायच्या बेतात असो नाहीतर जन्मायच्या, पडदा खाली. वर एका सेकंदाने गेलं तरी नाटक बाद. मंडळाच्या अध्यक्षांनी एकदा भूमिका केली, तेव्हा त्यांचा 'आ' उघडा असतानाच पडदेरावांनी पडदा सोडला होता. अध्यक्ष वर्षभर बोलले नाहीत. त्या वर्षी सभा फार लवकर आटोपत, असं बाकीचे सदस्य अजूनही सांगतात.

लोकांना वाटे, हा माणूस दुष्ट आहे. खरं म्हणजे छोट्या नाटकावर त्यांच्याइतकं प्रेम त्या सभागृहात कुणाचंच नव्हतं. ते म्हणत, "तीन अंकी नाटकात माणूस चुकला तरी पुढे सावरून घेतो. पाच मिनिटांत लपायला जागाच नाही हो. एक खुर्ची जास्त ठेवली तरी ती बोंबलते." एका गृहस्थाने रुमालाने बाकडं पुसपुसून, इतरांना स्वच्छतेचे चार शब्द सुनावून त्यावर ऐटीत बसावं, आणि मागून एका बाईने येऊन 'रंग ओला आहे' अशी पाटी अडकवावी, एवढंच एक नाटक त्यांनी कधीकाळी पाहिलं होतं. पावणेदोन मिनिटांचं. त्याची आठवण निघाली की त्यांचा गळा दाटून येई. असल्या नाटकासाठी गळा दाटून येणारा माणूस जगात दुसरा नसेल.

यंदा मात्र पंचाईत झाली. त्यांच्या बायकोला भूमिका मिळाली. ती इतकी वर्षं पडद्यामागे बसून सगळ्यांचे कपडे शिवायची, उसवलेलं टाचायची. नाटक तिच्या धाकट्या भावाचं होतं. भाऊ औषधांचं दुकान चालवायचा, आणि लेखक, दिग्दर्शक, नायक असा तिहेरी डोसही स्वतःच घ्यायचा. नाटकात एक चोर घरात शिरतो. घरमालक त्याला पकडतो, पण पोलिसांना बोलवायचं सोडून कपाट हलवायला मदतीला घेतो. इकडे ठेव, तिकडे ठेव, छे, पहिलंच बरं होतं, असं करत दोघं घामाघूम होतात. शेवटी घरमालकाची बायको येते आणि म्हणते, "अहो, आपलं घर वरच्या मजल्यावर!" आणि पडदा.

बायकोला तेवढं एकच वाक्य होतं. पण सगळं नाटक त्या वाक्यावर उभं होतं. ते गेलं तर उरणार काय, दोन घामट माणसं आणि एक कपाट. महिनाभर तिने ते वाक्य शिवणयंत्रावर, आंघोळ करताना, झोपेतसुद्धा म्हटलं. तालमीत नाटक चार मिनिटं पन्नास सेकंदांत बसत होतं.

रविवारी दुपारी सभागृह खच्चून भरलं. मेहुण्याचं नाटक सुरू झालं आणि दुसऱ्याच मिनिटाला कपाट चोराच्या पायावर पडलं. ते पडायचंच होतं. पण लोक असे काही हसले की मेहुण्याच्या अंगात आलं. त्याने कपाट पुन्हा पाडलं. लोक पुन्हा हसले. तिसऱ्यांदा पाडलं तेव्हा चोर मनापासून कळवळला.

पडदेरावांनी घड्याळ पाहिलं. साडेचार मिनिटं झाली होती. अजून मेहुण्याचा कपाटाला मिठी मारून रडायचा लाडका प्रसंग बाकी होता, आणि रंगात आल्यावर तो अर्ध्या मिनिटात कधीच उरकत नसे. त्यातून आधी दमानं उसासेही सोडणार. म्हणजे बायकोच्या तोंडचं वाक्य पडदा गिळणार, हे पक्कं. अठरा वर्षांत प्रथमच त्यांना वाटलं, खड्ड्यात गेला नियम. नाटक बाद झालं तर होऊ दे, तिचं वाक्य होऊ दे.

पण स्वतःच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. पाच मिनिटं झाली की तो हात आपणहून दोर सोडणार, हे ते ओळखून होते. म्हणून त्यांनी दोर खुंटीला गुंडाळला आणि त्यावर लिफ्टच्या कामातली गाठ मारली. ही गाठ अशी की आठ माणसांचं वजन पडलं तरी हलत नाही.

तेवढ्यात रंगमंचावर भलतंच घडलं. मेहुण्याने रडण्यासाठी कपाटाला मिठी मारली न मारली तोच त्याची ताई चुकीच्या बाजूने धावत आत आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आपलं घर वरच्या मजल्यावर!"

चार मिनिटं चाळीस सेकंद. छप्पर उडेल असा हशा झाला. असा शेवट पडदेरावांनी पावणेदोन मिनिटांच्या त्या नाटकानंतर पाहिला नव्हता. आता फक्त पडदा पडायचा होता.

पडदेराव गाठीशी झटत होते. नखं लावली, दात लावले. गाठ ढिम्म हलेना.

रंगमंचावर तिघं उभेच. हशा ओसरला. कुणीतरी खोकलं. मेहुण्याला शांतता सोसत नसे. "मग," तो म्हणाला, "हे कपाट वर न्यायचं का?"

"जिना कुठंय?" लंगडणाऱ्या चोराने विचारलं, आणि दोघांनी कपाट पुन्हा उचललं.

त्या सोन्यासारख्या शेवटाची माती होताना बायकोला बघवेना. तिने भर रंगमंचावरून विंगेकडे तोंड केलं आणि ओरडली, "अहो, पाडा ना!"

दाढेखाली गाठ सुटली. पडदा धाडकन खाली आला आणि पडदेरावांनी सवयीने घड्याळ थांबवलं. कपाट आणि मेहुणा पडद्याबाहेरच राहिले.

कपडेपटात बायको केसांतल्या पिना काढून डबीत आपटत होती.

"दाजी, तुम्हीसुद्धा?" मेहुणा म्हणाला.

"तू गप्प बस," ताई म्हणाली. "तीनदा कपाट पाडणारा तू." मग नवऱ्याकडे वळली. "का बांधलात दोर?"

"तुझं वाक्य जाईल म्हणून."

"आणि मी ह्याचं रडणं खाऊन कुणाच्या जिवावर धावले? म्हटलं, आमचे हे आहेत, काही झालं तरी वेळेवर पाडतील. लोक हसले, मी वाट बघत होते. आता पडेल, आता पडेल..." तिचे डोळे भरून आले.

आजवर पडदेरावांचा पडदा पडू नये म्हणून सगळे देव पाण्यात घालून बसत. पडावा म्हणून वाट बघणारी ही एकटी, आणि नेमकं तिलाच त्यांनी ताटकळत ठेवलं होतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली आणि बायकोचा भयंकर अभिमान वाटला.

सचिव वेळेचा कागद घेऊन आत आले. त्यावर पडदेरावांची सही लागायची. सचिवांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "परीक्षकांना फार आवडलंय. ते 'पाडा ना' तर त्यांना नाटकातलंच वाटलं. पहिला नंबर पक्का आहे. फक्त वेळ... वहिनींचं नाटक आहे, लिहून टाका पावणेपाच. परीक्षक हसत होते, घड्याळ कुणी पाहिलंय?"

मेहुण्याने दोन्ही हात जोडले. पडदेरावांनी पेन उघडलं आणि बायकोकडे पाहिलं. ती मागेल ते लिहायला ते तयार होते.

तिने त्यांचं थांबवलेलं घड्याळ पाहिलं आणि पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. 'पाच मिनिटं बारा सेकंद,' असं ठळक अक्षरात लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"करा सही," ती म्हणाली. "आता परत हात आखडलात तर बघा."

पडदेरावांनी सही केली.