रोज सकाळी सातला लॉगिन करणारा अनय

घाटकोपरच्या लॅबमधून तीन महिन्यांत एकही तक्रार आली नाही, तेव्हाच मी घाबरायला हवं होतं. मला वाटलं, आपण सुधारलो.

अकरा छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर घरबसल्या सांभाळणं हा माझा धंदा. दोन सीए, एक कोचिंग क्लास, एक दातांचा दवाखाना असं काय काय, आणि डॉक्टर शर्मिष्ठांची रक्त-लघवी तपासायची लॅब. लॉकडाऊनमध्ये सगळीकडे रिमोटचं सॉफ्टवेअर टाकलं, ते कायम चालू ठेवलं आणि अकराही ठिकाणी एकच पासवर्ड दिला. अकरा लक्षात कोण ठेवणार? प्रत्यक्ष कुणाकडे कधी गेलो नाही. फोन उचलत नाही, ते माझं तत्त्व आहे. जे काय ते चॅटवर.

सोमवारी सहज माझ्याकडची लॅबची लॉगिन-नोंद उघडली. मी रोज सकाळी सातला लॉगिन करत होतो. सकाळी सातला मी आयुष्यात एकदाच जागा होतो आणि तेव्हा माझा जन्म होत होता.

रोज बॅकअपही घेत होतो. नऊ हजार पेशंटांचे रिपोर्ट, नाव-पत्ता-मोबाइलसकट. इतका नियमित बॅकअप मी कधीच घेतला नव्हता. तो कुठे जात होता, तेवढं मात्र मला माहीत नव्हतं.

आत शिरायला गेलो तर पासवर्ड बदललेला. रिसेप्शनच्या नीलाताईंना मेसेज टाकला, तर त्यांनी मला ब्लॉक केलेलं. मग रिक्षा केली.

"मी अनय. आयटीवाला," मी काउंटरवर म्हणालो.

नीलाताईंनी मान वर केली नाही. "हां. तो म्हणाला होता, तुम्ही याल."

"कोण?"

"अनय."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कोपऱ्यात चॅटची खिडकी होती. 'नीलाताई, माझा जुना नंबर चोरांच्या हाती लागलाय. माझ्या नावाने कोणीतरी येईल. मशीनला हात लावू देऊ नका.' खाली नवी ओळ उमटली. 'निळा टी-शर्ट.'

मी खाली पाहिलं. निळाच होता. मग वर पाहिलं. मॉनिटरवरच्या कॅमेऱ्याचा दिवा लागला होता.

"ताई, तो चोर आहे. वायर काढा."

"तसं नाही चालत." त्यांनी भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला. चॅटवर अनयशी खात्री केल्याशिवाय कोणालाही मशीनला हात लावू द्यायचा नाही. हा नियम मीच सगळ्यांना पाठवला होता. अकरांपैकी पाळणारं कोणीतरी असेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"आणि तो वेळेवर उत्तर देतो," त्या म्हणाल्या. "आधी तर, जाऊ दे."

आवाज ऐकून डॉक्टर शर्मिष्ठा बाहेर आल्या. नीलाताईंनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मॅडम मला म्हणाल्या, "दिवाळीत प्रिंटर बंद पडला होता. काय केलं होतंत?" तोच प्रश्न त्यांनी खिडकीतही टाइप करायला लावला.

तिथून लगेच उत्तर आलं. 'ड्रायव्हर काढून नवा टाकला, मॅडम. चाळीस मिनिटं लागली.' माझ्या नोंदीत शब्दन् शब्द हेच होतं.

"काहीच केलं नाही," मी म्हणालो. "झोपलो होतो. उठलो तर प्रिंटर चालू झाला होता. मग नोंदीत ते ड्रायव्हरचं लिहून टाकलं."

नीलाताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "प्रिंटरला मी चापट मारली होती. तेव्हा चालू झाला." मग मॅडमना म्हणाल्या, "हा खरा आहे. एवढा निकम्मा माणूस कोणी मुद्दाम कशाला बनवेल?"

त्यांनी नेटची वायर उपटली. त्याच्या क्षणभर आधी खिडकीत दोन शब्द आले. 'हरकत नाही.'

"रिपोर्ट गेले?" मॅडमनी विचारलं.

"गेले."

"सगळे?"

"सगळे."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "यातल्या कितीतरी जणांनी घरी आजाराबद्दल सांगितलेलं नाही, अनय. बायकोला नाही, आईला नाही. पाच-सहा जणांची तर नोकरी जाईल." त्यांनी कागदी रजिस्टर काढलं, एका नावावर बोट ठेवलं आणि स्पीकरवर फोन लावला. आधी या माणसांना सावध करायचं, मग पोलीस.

"चंद्रप्रकाशजी, लॅबमधून डॉक्टर शर्मिष्ठा बोलतेय. तुमच्या रिपोर्टबद्दल कोणी धमकी दिली तर..."

 पलीकडून एक माणूस हळू आवाजात म्हणाला, "बरोबर सांगितलं होतं लॅबच्या अनयने. चोर डॉक्टरांचा आवाजसुद्धा हुबेहूब काढतात म्हणाला." फोन कट. पुन्हा लावला, तर लागेना.

मॅडमनी दुसरा नंबर लावला. तोही लागेना. तिसरा वाजला आणि कोणीतरी तो कापला.

"प्रत्यक्ष जावं लागेल," नीलाताई म्हणाल्या. "चंद्रप्रकाश इथेच पंतनगरला राहतात." दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

मॅडमनी लॅबच्या लेटरहेडवर चिठ्ठी लिहून सही-शिक्का मारून दिली. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मी बेल वाजवली. दाराखालच्या फटीत दोन सावल्या येऊन थांबल्या.

"लॅबमधून रिपोर्टबद्दल आलोय," मी म्हणालो. "मी अनय."

आतून बाईचा आवाज आला, "अहो, कसला रिपोर्ट?"

 चंद्रप्रकाश म्हणाले, "उघडू नकोस."