पुतळामाईचं लाल पाणी

चांदवडहून देवळ्याकडे जाताना, रस्त्यापासून जरा आत, कांद्याच्या चाळींमागच्या पत्र्याच्या शेडसमोर सकाळपासून बायका बसल्या होत्या. पुरुषांना आत यायची बंदी होती. पुतळामाईचं पाणी कशासाठी घ्यायचं, ते कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. नको असताना दिवस राहतील अशी भीती वाटली, की बाई इथे यायची. माई तिच्या तळहातावर पांढरा अंगारा चोळायची, देवीच्या पायाशी ठेवलेल्या घंगाळातलं पिवळं पाणी त्यावर ओतायची आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते लालभडक व्हायचं. मग माई घुमत सांगायची, "मोकळी झालीस बये. आईनं तुझं ओझं उतरवलं."

रांगेत निकिता होती. तिच्या मांडीवर अंगावर पिणारा मुलगा होता. त्याच्या वेळी सिझर झालं, रक्तस्राव थांबेना, बाटल्या चढवाव्या लागल्या. इतक्यात दुसरं मूल नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा रविराज ओझरच्या कारखान्यात कामाला. तो काळजी घ्यायचा. पण परवा रात्री निरोध फाटला. सकाळी तो मेडिकलमधून गोळी आणायला निघाला, तर त्याच्या आईनं, कुसाबाईनं, आडवा हात घातला. त्या गोळीनं कूस जळते, असं तिनं ऐकलं होतं. कुसाबाई वाईट नव्हती. सुनेला रक्त चढताना तिनं पाहिलं होतं आणि ती निकिताइतकीच घाबरली होती. म्हणूनच सुनेला घेऊन ती इथे आली होती.

निकिताच्या डोक्यात मात्र बाळंतपणानंतर नर्सनं सांगितलेलं घोळत होतं. गोळी तीन दिवसांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. रांग हलत नव्हती आणि ऊन चढत होतं.

अखेर नंबर लागला. अंगारा चोळला गेला, पाणी ओतलं, तळहात रक्तासारखा लाल झाला. कुसाबाईनं डोळे मिटून हात जोडले. माई म्हणाली, आता उद्या आणि परवा अजून दोन खेपा करायच्या, आणि तोवर कसलंही औषध घ्यायचं नाही, नाहीतर आई कोपेल.

"पण परवापर्यंत गोळीची वेळ निघून जाईल," निकिता हळूच म्हणाली.

"जिनं जिनं शंका घेतली, तिचं तिचं पोट वाढलं," माई तिच्याकडे न बघता म्हणाली. "पुढची कोण?"

निकिता बाहेर आली. मुलाला पाजायचं म्हणून ती नळाशी गेली. हात धुताना पदरावर उडालेले पिवळे डाग दिसले, तिनं त्यांनाही साबण लावला. डाग लाल झाले. तळहातावर झालेला तोच लाल रंग. इथे ना माई होती, ना देवी. नळाजवळ फक्त धुण्याच्या साबणाची वडी होती.

तिनं सासूला हाक मारली. कुसाबाईनं पदर बघितला, मग सुनेच्या नखात अडकलेला अंगारा बोटावर घेऊन चोळला. तंबाखू मळण्यात तिची हयात गेली होती.

"हा चुना हाय," ती म्हणाली. "हळद न् चुना. कुंकू करत्यात तसं."

ती तडक शेडमध्ये शिरली. कुणी अडवायच्या आत तिनं कमरेच्या पिशवीतल्या डबीतला चुना स्वतःच्या तळहातावर फासला आणि हात घंगाळात बुडवून वर धरला. हात लाल झाला.

"माझी पाळी जाऊन लय वर्सं झाली," ती म्हणाली. "मालक वारल्यालाबी झाली. आता माझ्या पोटातलं काय उतरलं, ते सांग माई."

माईनं घुमायला सुरुवात केली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नातू हाय ना तुला? बघ मग आता."

क्षणभर वाटलं, कुसाबाई पाया पडणार. पण ती वळली आणि सुनेला म्हणाली, "रव्याला फोन लाव. दवाखान्यात जायचं."

रांगेतल्या दोघीजणी त्यांच्याच रिक्षात येऊन बसल्या.

चांदवडच्या दवाखान्यात डॉक्टर ओवींनी निकिताला लगेच गोळी दिली. बाळाला अंगावर पाजत असली तरी ही घेता येते, म्हणाल्या. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत यायचं, पाळी आठवडाभर लांबली तर तपासणी करायची. ही अडचणीच्या वेळची गोळी, नेहमीचा उपाय नव्हे. तांबी किंवा दुसरं काही बसतंय का, ते आपण बघू.

"हिनं कूस जळत नाय ना?" कुसाबाईनं विचारलं.

"नाही मावशी. ही अंडं बाहेर पडणं पुढं ढकलते. गर्भ राहिलाच असेल, तर त्याला ही काही करत नाही. आणि पुढे मूल हवं असेल तेव्हा होतं."

मग माईचं पाणी घेऊन इतक्या जणी सुटल्या कशा, असं फोन आल्यावर तिथे पोचलेल्या रविराजनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, एकदा संबंध आला म्हणून दिवस राहतातच असं नाही. बहुतेकींना तसेही राहिले नसते. ते यश माई स्वतःकडे घेते. ज्यांना राहिले, त्यांना ती श्रद्धा कमी पडली म्हणते.

पाळी लांबली. ते दिवस घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. कुसाबाई रात्री चारदा उठून नातवाच्या नाकाशी बोट धरायची. तपासणीत दिवस राहिलेले नाहीत असं निघालं आणि दोन दिवसांनी निकिताला पाळी आली. नातवाला या सगळ्यात फक्त पहिला दात आला.

माईनं शेड बंद केली. ती दुसऱ्या गावाला गेली असं म्हणतात. तिथेही घंगाळात हळद असेल, हातावर चुना असेल आणि लाजेनं गप्प बसलेल्या बायकांची रांग असेल. माईचा धंदा त्या गप्प बसण्यावरच चालतो. म्हणून सांगतो: अशी वेळ आली तर त्याच दिवशी दवाखान्यात नाहीतर मेडिकलमध्ये जा, आणि जे औषध हवं, ते न लाजता त्याच्या नावानं मागा. सोबतीला कुणी नसेल तर एकट्या जा.